धाब्यावर कोणी नव्हतं

त्या उन्हाळ्यातलं ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. खात्यात आयुष्य काढलं, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी पाहुणे जमले आणि कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की माझ्या तोंडून हीच निघते. बायको म्हणते, या केसमध्ये तुमची फजिती जास्त आहे म्हणून लोकांना आवडते. असेलही. कारण सुरुवातच माझ्या चष्म्यापासून होते.

गावाचं नाव सांगत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं जुनं तालुक्याचं गाव, चिखलीहून एस.टी.नं जाता येतं, एवढं पुरे. मी तिथे ठाणेदार होतो. गावाचा मूळ भाग वेशीच्या आत. दगडी वेस, तिच्यामागे पेठ, पायऱ्यांची एक बारव, जुनी धर्मशाळा आणि एकमेकांना खेटून उभी असलेली धाब्याची घरं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आमच्याकडची गच्चीच म्हणा. एरवी मे महिन्यात त्या पेठेत दुपारचं कुत्रंसुद्धा फिरत नसे. पण त्या वर्षी गावातल्या मंडळींनी ठरवलं की उन्हाळी महोत्सव भरवायचा तो तिथेच. बारव साफ झाली, वेशीला दिव्यांच्या माळा लागल्या, धर्मशाळेच्या ओवऱ्यांत स्टॉल मांडले. प्रवेश मोफत, भारूड मोफत, कव्वाली मोफत, माठातलं वाळ्याचं पाणी मोफत. खेड्यांतून जीपा भरभरून माणसं येऊ लागली. वेशीत एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, "साहेब, आत जायले फुकट आहे म्हन्तेत. मंग बाहीर निघाले किती लागते?"

पहिल्या संध्याकाळी मी बंदोबस्तावर होतो आणि बायकोही सोबत आली होती. गर्दी वाढली तसा मी व्यासपीठावर चढलो, माईक हातात घेतला आणि लोकांना चांगलं पाच-दहा मिनिटं सुनावलं. दागिने सांभाळा, मोबाईल सांभाळा, आपली वस्तू ही आपली जबाबदारी आहे, वगैरे. टाळ्या पडल्या. खाली उतरलो, महिला बचत गटाच्या स्टॉलवर ताक प्यायलो आणि पुढे निघालो. थोड्याच वेळात भोंग्यावरून आवाज आला, "एक सूचना. ठाणेदार साहेबांचा चष्मा ताकाच्या स्टॉलवर राहिला आहे. साहेबांनी ओळख पटवून घेऊन जावा."

सगळी पेठ हसली. माझे शिपाईसुद्धा हसले, फक्त त्यांनी तोंडं वेशीकडे फिरवली होती.

स्टॉलवर एक तिशीची बाई होती. तिनं चष्मा स्वच्छ रुमालात गुंडाळून, पाण्याच्या माठाच्या सावलीत ठेवला होता. म्हणाली, "ऊन तिरपं येऊन राह्यलं होतं, साहेब. काच तापली असती." मी आभार मानले. बायकोनं तिच्याकडून कुरडयांची पिशवी घेतली, दोघींच्या चार गोष्टी झाल्या. ती पेठेतल्याच एका खात्यापित्या शेतकरी घरातली सून होती. हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याच सुनेची सासू ठाण्यात आली. कपाटातलं सोनं गेलं होतं, गळ्यातली एक एकदाणी आणि पाटल्यांची जोडी. सासूबाई धिप्पाड, आवाज खणखणीत. मी त्यांना आधी पाणी दिलं. माणूस पाणी पिईपर्यंत खरं काय ते अर्धं कळतं, हा माझा अनुभव. त्या खोटं बोलत नव्हत्या.

हकीकत अशी. त्या दिवशी महोत्सवात बायकांसाठी दिवसभराचा कार्यक्रम होता. पेठेतल्या झाडून साऱ्या बाया सकाळीच धर्मशाळेत गेल्या. सासूबाईंनी आणि सुनेनं पहाटे कुरडया घातल्या, त्या धाब्यावर वाळायला टाकल्या, पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि दोघी निघाल्या. सून बचत गटाच्या स्टॉलवर बसली, सासूबाई कार्यक्रमात. बापलेक शेतात, लग्नाची मुलगी मामाकडे गेलेली. संध्याकाळी आल्या तर कुलूप जसंच्या तसं, पण कपाट उघडं.

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल केला आणि पंच घेऊन घटनास्थळी गेलो. मागच्या बोळातून एक दगडी जिना थेट धाब्यावर जात होता. धाब्यावरून घरात उतरायला दार, आणि त्या दाराची आतली कडी काढलेली. सकाळी कुरडया नेताना ती लावायची राहिली असावी, असं सून म्हणाली. म्हणजे चोर जिन्यानं वर आला, उघड्या दारानं आत उतरला आणि तसाच परत गेला. पंचनामा सरळ होता. फक्त एक गोष्ट मला खटकली. कपाटात सासूबाईंचा सोन्याचा गोफ होता, चांदीची ताटं होती. चोरानं त्यांना हातही लावला नव्हता.

"घाई झाली असंल मेल्याले," सासूबाई म्हणाल्या.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती पुढे लागणार आहे. पंच सह्या करत होते, मला सकाळपासून नीट जेवण नव्हतं, आणि समोर लुगड्यावर कुरडया पसरलेल्या होत्या. मी त्यातली एक उचलली आणि खाल्ली. कच्चीच. छान कुरकुरीत होती. पुरावा खाणारा अधिकारी खात्यात माझ्याआधी कोणी झाला असेल तर मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुलढाण्याहून श्वानपथक आलं. कुत्री मोठी हुशार, नावाजलेली. कपाटाचा वास घेतला, धाब्यावर गेली, जिना उतरली, बोळातून पेठेत आली आणि तडक जाऊन बचत गटाच्या ताकाच्या स्टॉलपुढे बसली. जीभ बाहेर काढून सुनेकडे पाहत राहिली. आम्ही सारे हसलो. पथकाचा जवान ओशाळून म्हणाला, "साहेब, जमीन तापली आहे, वास टिकत नाही. तिला तहान लागली." सुनेनं लगबगीनं वाडग्यात पाणी ओतून तिच्यापुढे ठेवलं. कुत्री प्यायली. आम्ही तिला गाडीत बसवून परत पाठवलं. नंतर मला कितीदा वाटलं, त्या कुत्रीची माफी मागावी.

दुपारी खबर आली. वेशीजवळचा पानठेलेवाला आमच्या जमादाराच्या कानात म्हणाला, "काल सारी पेठ जत्रेत होती. एकला पिंजारी चाचा धाब्यावर होता. त्याचं धाबं त्यायच्या धाब्याले लागूनच आहे. मधात गुडघाभर कठडा. मी काई म्हणून नाई राह्यलो, फक्त सांगून राह्यलो."

पिंजारी चाचांना सारं गाव ओळखत होतं. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. गाद्या, रजया भरून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कापूस पिंजायला मशीन आलं होतं, पण जुनी लाकडी पिंजण त्यांनी जपून ठेवली होती. महोत्सववाल्यांनी त्यांना मुद्दाम विनंती केली होती की रोज संध्याकाळी बारवेजवळ बसून लोकांना ती चालवून दाखवा. तारेवर ठोका पडला की 'टण्ण' आवाज व्हायचा आणि कापूस ढगासारखा उडायचा. लोक गोल करून पाहत.

मी जमादाराला सांगितलं, "चाचांना सवडीनं बोलावून घ्या, दोन गोष्टी विचारायच्या आहेत." जमादारानं 'बोलावून घ्या' एवढंच ऐकलं. तो जीप घेऊन थेट बारवेजवळ गेला आणि पिंजण चालू असताना, भरल्या गर्दीतून त्यांना उठवून घेऊन आला. अंगावर कापसाचे पुंजके तसेच.

चाचा माझ्यासमोर बसले तेव्हा पहिलं वाक्य चोरीबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "साहेब, जीप दारात पाठवली असती तरी मी आलो असतो. लोकायच्या समोरून काऊन आणलं?"

मी चहा मागवला.

"साहेब, पोरीची सोयरीक बीबी गावाले जुळली. इतवारी मंगनीले पाव्हणे येऊन राह्यले. लोक चांगले आहेत, पण लोकच आहेत. तिथं हे पोचलं, तं ते जीपमधून उतरायचेही नाईत. माझं काई नाई, मी म्हातारा झालो. पोरीनं काय केलं?"

तो शुक्रवार होता.

मी नेहमीच्या पद्धतीनं विचारलं. कुठे होता? धाब्यावर. काय करत होता? कापसाला ऊन देत होतो, गादीला टाके घालत होतो. किती वेळ? सकाळपासून सूर्य कलेपर्यंत. मधे कुठे गेलात? नाही.

"शेजारच्या धाब्यावर कोणी आलं होतं?"

"नाई साहेब. कोणी नाई आलं."

"नीट आठवा. जिन्यावरून कोणी वर चढलं? अनोळखी?"

"कोणी नाई. खुदा कसम."

आता पोलिसाच्या डोक्यात हे कसं बसतं ते सांगतो. चोर त्या जिन्यानं वर आला होता हे नक्की. चाचा दिवसभर तिथेच होते हेही नक्की. ते म्हणत होते कोणी आलं नाही. मग एकतर ते खोटं बोलतात, किंवा चोर तेच. तिसरा पर्याय कागदावर दिसत नव्हता. जमादार तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, दोन तास माझ्याकडे द्या." मी दिलं नाही. त्यात चांगुलपणापेक्षा शंका जास्त होती. खोटं बोलणारा माणूस आपल्या सोयीचं खोटं बोलतो. चाचांना जर वाचायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, हो साहेब, एक उंच माणूस पाहिला, तोंडाला रुमाल होता. 'कोणी आलं नाही' हे त्यांच्याच गळ्याला लागणारं उत्तर होतं. ते तेच देत होते.

रात्री त्यांना घरी जाऊ दिलं, सकाळी परत या म्हणून. बारवेजवळची त्यांची चटई उरलेली संध्याकाळ रिकामी होती. लोक पिंजण न पाहता पुढे जात होते आणि काय बोलत होते ते मला ऐकायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी मी जेवायला क्वार्टरवर गेलो. घरात बायको नाही. वरून आवाज आला, "गच्चीवर या, हात लावा जरा." तिनंही सकाळी कुरडया घातल्या होत्या. स्टॉलवरच्या त्या सुनेनं तिला सांगितलं होतं म्हणे, यंदा ऊन चांगलं आहे, घालून घ्या. डोक्यावर ओला पंचा टाकून ती एक एक कुरडई उलटवत होती. मी एक ओढली, तिचे तीन तुकडे झाले. दुसरी ओढली, ती निम्मी कापडालाच चिकटून राहिली.

"असं ओढाचं नसते," ती म्हणाली. "कापडाले खालून जरा पाणी लावाचं, मंग सुटते. आन् दुपारीच उलटवा लागते. राहू देल्ल्या तं वरून वाळते आन् खालून चिकट राहते. संध्याकाळी हातात चुराच येते."

"मग एखादी बाई दिवसभर बाहेर असली तर?"

"तं ती कुरडया घालतच नाही. नाही तं कोणाले तरी सांगून जाते. तुमी खाली जा, माझं नुकसान करून राह्यले."

मी जिन्यात दोन पायऱ्या उतरलो आणि तिथेच थांबलो. पंचनाम्याच्या वेळी मी खाल्लेली ती कुरडई आठवली. मी ती सहज उचलली होती. कापडाला चिकटली नव्हती. दोन्ही बाजूंनी वाळलेली होती, कुरकुरीत. सासू-सून सकाळी गेल्या, संध्याकाळी आल्या. मग दुपारी त्या उलटवल्या कोणी?

जेवण राहिलं. ठाण्यात चाचा बाकावर बसून होते. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि या वेळी वेगळं विचारलं.

"चाचा, त्या दिवशी दुपारी शेजारच्या धाब्यावर काय चाललं होतं?"

"काई नाई साहेब. कुरडया उलटवून राह्यले होते."

"कोण?"

"घरची बाई. अजून कोण?"

"तुम्ही तर काल म्हणालात, कोणी आलं नव्हतं."

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी अगदीच शिकाऊ आहे. "साहेब, घरची बाई आपल्या धाब्यावर आली, तं ते 'कोणी आलं' होते का? तुम्ही चोराचं इचारत होते."

"तोंड पाहिलं तिचं?"

"नाई. शेजारच्या धाब्यावर बाया आल्या की मी पाठ करून बसतो. वडील तसेच बसायचे. धाबे लागून आहेत, आमचं काम वरतं, त्यायचं वाळवण वरतं. पाठ नाई फिरवली तं राहणं कसं व्हईन? दार वाजलं, मंग बांगड्या वाजल्या, कापडाची सरसर झाली. मले समजलं, कुरडया उलटवून राह्यले. मंग जिन्यावर पाय वाजले. मी टाके घालत राह्यलो."

सारी केस त्या म्हाताऱ्याच्या पाठीमागे घडली होती, आणि पाठ त्यानं सभ्यपणानं फिरवली होती. मी त्याच सभ्यपणासाठी त्याला दोन दिवस बाकावर बसवलं होतं.

आता कोण, हे उघड होतं. पण उघड असणं आणि विचारणं यात अंतर असतं. मी सुनेला ठाण्यात बोलावलं नाही. महिला शिपाई बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेलो. सासूबाई माजघरात होत्या. सून पाणी घेऊन आली. मी चष्मा काढून पुसला. तिनं तो रुमालात गुंडाळून सावलीत ठेवला होता हे तेव्हा मला आठवलं, आणि ती कुत्रीही आठवली.

"ताई, त्या दिवशी कुरडया छान वाळल्या होत्या," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी."

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "उलटवल्या नसत्या तं चिकटल्या असत्या, साहेब. तीन दिवस गहू भिजवले होते."

म्हणून झालं आणि तिला कळलं की आपण काय बोललो. ती खाली बसली.

सोनं तिचंच होतं. एकदाणी आणि पाटल्या तिच्या आईनं लग्नात घातलेल्या. आई दोन वर्षांपूर्वी गेली. लग्नापासून ते सोनं सासूबाईंच्या कपाटात, आणि आता नणंदेचं लग्न ठरलं होतं. पुढच्या आठवड्यात सोनाराकडे नेऊन ते मोडायचं आणि नणंदेसाठी नवीन करायचं असं घरात ठरलं. ठरवताना ती तिथेच पोळ्या लाटत होती, तिला कोणी विचारलं नाही. नवऱ्याला ती दोनदा म्हणाली. तो म्हणाला, पाहू. त्या दिवशी सारी पेठ महोत्सवात असताना ती स्टॉलवरून उठली, "आलीच" म्हणून शेजारणीला सांगितलं, जिन्यानं घरी आली, सोनं काढलं, आणि परत निघताना धाब्यावरच्या कुरडया दिसल्या.

"चोरी करून पळताना तुम्ही कुरडया उलटवत बसलात?" मी विचारलं. खरं म्हणजे हा प्रश्न चौकशीचा नव्हता.

"पळत नव्हते, साहेब. स्टॉलवर जात होते. डोळ्यासमोर खराब होऊन राह्यल्या होत्या."

सोनं घराबाहेर गेलंच नव्हतं. माळ्यावर कुरडयांचा जुना डबा होता, त्यात तळाशी. तो डबा तिच्याशिवाय कोणी उघडत नसे. भाऊ भेटायला आला की त्याच्या हाती माहेरी पाठवायचं, असा तिचा बेत होता. प्रकरण पोलिसात जाईल, कुत्रा येईल, कोणाला जीपमध्ये घालून नेतील, यातलं काही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला वाटलं होतं सासूबाई समजून जातील आणि घरातच भांडण होईल. भांडणाची तिची तयारी होती.

माजघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "कुरडया उलटलेल्या मलेबी दिसल्या होत्या. कोणी उलटवल्या, हे इचाराचं सुचलं नाई." आणि आत निघून गेल्या.

कायद्याचं सोपं होतं. आपल्याच आईनं दिलेलं आपलं सोनं घेतलं तर ती चोरी होत नाही. मी सुनेला सांगितलं, गैरसमजातून दाखल झालेली तक्रार म्हणून आम्ही अहवाल पाठवू, खात्यात त्याला सी समरी म्हणतात. सोनं घरातच मिळालं, एवढं बाहेर सांगितलं तरी ते खरंच आहे.

तिनं डोळे पुसले. "मंग मिटलं का सारं?"

"कागदावर मिटलं," मी म्हणालो. "पण पेठ आपला कागद वाचत नाही. पेठेनं चाचांना जीपमध्ये बसताना पाहिलं आहे. उद्या लोक म्हणतील, पोलिसांनी दम दिला तेव्हा सोनं गुपचूप परत आलं. आणि उद्याच बीबीचे पाहुणे येणार आहेत."

ती चाचांच्या मुलीला ओळखत होती. कठड्याच्या दोन बाजूंना दोघी वाळवणं घालत. तिनं मान खाली घातली. मी उठलो. तिनं तोंड उघडलं तर चाचांची मुलगी वाचेल, पण मग ही सून आयुष्यभर 'घरात चोरी केलेली' म्हणून ओळखली जाईल. हे मी तिच्यावर लादू शकत नव्हतो. बयान घेता येतं, धाडस घेता येत नाही.

जमादाराला आपल्या जीपची आता लाज वाटत होती. तो म्हणाला, "साहेब, आपणच बीबीवाल्यांना जाऊन सांगू, माणूस चांगला आहे म्हणून."

"अरे बाबा," मी म्हणालो, "मुलीच्या बापाचा चांगुलपणा सांगायला पोलीस आले, तर पाहुणे चहा न घेता परत जातील."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. केसच्या गोष्टी घरी सांगायच्या नसतात, पण कुरडयांचं श्रेय तिचं होतं. ती ऐकत राहिली. रविवारी सकाळी म्हणाली, "मी जरा पेठेत जाऊन येते." जीप पाठवू का विचारलं, तर म्हणाली, "तुमची जीप राहू द्या. खूप झालं तिचं."

महोत्सवाचा तो शेवटचा दिवस. मी वेशीत बंदोबस्ताला उभा होतो. ऊन इतकं की दगडी कमानीखालीही झळ लागत होती. बीबीची जीप आली, वेशीतून आत गेली. मला कोणी ओळखलं नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा देवाकडे तेवढंच मागितलं होतं. थोड्या वेळानं समोरच्या गल्लीतून माझी बायको आली. तिच्याबरोबर ती सून, डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट. दोघी माझ्याकडे न पाहता चाचांच्या दाराकडे गेल्या. पानठेलेवाला पान लावायचं थांबला.

आत काय झालं ते मला बायकोनं सांगितलं. पाहुण्यांना सारं कळलेलं होतं. ते जीपमधून उतरले होते, पण गादीच्या कडेवर टेकून बसले होते. नवऱ्यामुलाचा बाप चहाच्या कपाला हात लावत नव्हता. सून आत गेली, ताट ठेवलं, वरचा रुमाल काढला. तळलेल्या कुरडया होत्या. ती उभ्यानंच म्हणाली, "मी शेजारची. माझ्या आईचं सोनं मीच घरातून काढलं होतं. चाचा धाब्यावर होते, पण त्यायनं मान वर करून पाह्यलं नाई. पाह्यलं असतं, तं पहिल्याच दिवशी माझं नाव सांगून सुटले असते. ह्या त्याच दिवसाच्या कुरडया आहेत."

मग नवऱ्यामुलाच्या आजीनं एक कुरडई उचलली, मोडली, तोंडात टाकली. "मीठ कमी आहे, बेटा," ती म्हणाली. आणि चाचांकडे वळून, "पोरीले बोलवा ना. आमी काय कुरडया खायले आलो?"

"सासू आली होती का सोबत?" मी बायकोला विचारलं.

"नाही. आपल्या दारातच उभी राह्यली. कालपासून सुनेशी बोलली नाही म्हणे. पण कुरडया तळाले तेल तिनंच काढून देल्लं."

ते सोनं मोडलं गेलं नाही, एवढं मला नंतर कळलं. बाकी त्या घरात काय काय झालं असेल ते मी विचारलं नाही. पेठेत सुनेबद्दल बोलायचे ते बोललेच, आणि बरेच दिवस बोलले. ती मात्र रोज स्टॉलवर बसली तशीच पुढे बचत गटातही बसत राहिली.

त्या संध्याकाळी बारवेजवळ पुन्हा पिंजण वाजली. बीबीचे पाहुणे, फुकट आहे म्हणून, महोत्सव पाहायला थांबले होते आणि ती आजी सगळ्यांत पुढे बसून, उडणारा कापूस पदरावरून झटकत होती. मी लांब उभा होतो. चाचांनी मला पाहिलं, मान हलवली आणि ठोका मारला. ते मला माफ केल्याचं होतं की कामाला लागल्याचं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

त्या केसनंतर मी चौकशीत 'कोण आलं होतं?' असं विचारणं सोडलं. 'काय काय चाललं होतं?' असं विचारू लागलो. माणसं खोटं फार कमी बोलतात. ती फक्त आपल्या हिशेबात न धरलेली माणसं सांगत नाहीत. पाणी भरणारी, झाडणारी, वाळवण उलटवणारी बाई ही कोणाच्याच 'कोणी'मध्ये येत नाही. तिच्या घरानं तिला सोनं मोडायचं ठरवताना हिशेबात धरलं नाही, चाचांनी धाब्यावर धरलं नाही, आणि मी कुरडई खातानाही धरलं नाही. यापुढे तरी आपल्याकडून असं होणार नाही, अशी माझी समजूत होती.

पुढच्याच आठवड्यात मी दुपारी घरी जेवायला बसलो होतो. ठाण्यातून रायटरचा, म्हणजे आमच्या लिखापढीच्या हवालदाराचा, फोन आला, "साहेब, त्या समरीवर सही पाहिजे. घरी येऊ का? घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "ये."

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून तेलाचा चरचर आवाज येत होता. बायको झारा हातात घेऊन दारात आली.

"त्याले म्हणा, येतानी एखादी बाई घेऊन ये," ती म्हणाली. "कढईतली कुरडई उलटवाले घरात कोणी नाही."